खरबुजाची गोडी देठाशी ठरते

मे महिना निम्मा सरला की झाशीत पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळू लागतो. दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात, आणि किल्ल्याखालच्या जुन्या शहरात जी थोडीफार हालचाल दिसते ती फळांच्या हातगाड्यांभोवती. आंबा अजून महाग असतो, कलिंगड एकट्या माणसाला जड जाते. म्हणून घरी परतणाऱ्याच्या पिशवीत दोन खरबुजे हमखास पडतात. बेतवा आणि पहूज या नद्यांच्या वाळूत वाढलेले हे फळ झाशीच्या उन्हाळ्याचे खरे सोबती. नेवाळकरांच्या काळापासून येथे नांदत आलेल्या मराठी घरांतही ते तितकेच रुळले आहे. फोडींवर वेलची आणि थोडी पिठीसाखर भुरभुरून ते पानात वाढतात, बिया धुऊन गच्चीवर वाळत घालतात आणि पुढे थंडाईत वापरतात.

मात्र त्या पिठीसाखरेनेच मला विचारात पाडले. गोड फळाला साखर का लागावी? गेल्या काही उन्हाळ्यांत मी गाडीवरून घेतलेल्या खरबुजांपैकी निम्मी तरी काकडीसारखी निघाली. वरून जाळी सुबक, रंग पिवळसर, वजन भरपूर. आणि सुरी लावताच कळायचे की आत नुसते पाणी आहे. त्याच सुमारास एका कामानिमित्त ओरछाच्या बाजूला बेतवेच्या पात्रात उतरलो होतो. तेथे एका वृद्ध शेतकऱ्याच्या मळ्यात मी एका फळाकडे बोट दाखवले आणि म्हटले, "कक्का, हे द्या." त्यांनी खाली वाकून देठापाशी अंगठा लावला, क्षणभर थांबले आणि मान हलवली. "आज नाही भैया, परवा या. हे अजून वेलाला धरून आहे." गिऱ्हाईक हाती आलेले असताना त्याला परत पाठवणारा विक्रेता मी क्वचितच पाहिला आहे. त्यांनी दुसरे एक फळ शोधून दिले. ते उचलायला गेले तर हाताच्या नुसत्या भाराने वेलापासून सुटले. त्याला साखर लागली नाही, हे सांगायला नकोच.

त्या अंगठ्याच्या स्पर्शात जे ज्ञान आहे ते आपल्या विस्तारकार्यात नीटसे उतरलेले नाही, असे माझे मत आहे. आपण वाण सांगतो, खतमात्रा सांगतो, ठिबक आणि आच्छादन सांगतो, भुरी आणि फळमाशी सांगतो. एकरी उत्पादन किती निघाले तेही हिरिरीने सांगतो. पण फळ वेलावरून कधी उतरवायचे, आणि उतरवल्यावर खाणाऱ्याच्या तोंडापर्यंत ते कसे जायचे, या प्रश्नापाशी आपल्या पुस्तिका दोन ओळींत आटोपतात. खाणाऱ्याचा मात्र सारा अनुभव त्या दोन ओळींवरच अवलंबून असतो.

मूळ गोष्ट साधी आहे. आंबा किंवा केळे काढणीच्या वेळी आपल्या गरात पिष्टमय पदार्थांचा साठा घेऊन येते. अढीत तो साठा साखरेत बदलतो आणि फळ गोड होते. खरबुजापाशी असा साठा नसतो. त्याची साखर पानांत तयार होते आणि देठावाटे फळात येते. तीही मुख्यतः वाढीच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे फळ पूर्ण आकाराला आल्यानंतर. देठ तुटला की ही आवक कायमची थांबते. काढणीनंतर खरबूज मऊ होते, त्याचा वास वाढतो, सालीचा हिरवेपणा जाऊन पिवळेपणा येतो. गोडी मात्र वाढत नाही. आठवडाभर आधी तोडलेले फळ म्हणजे बाहेरून मोठे झालेले, पण आतून रिकामे राहिलेले कोठार. खरबूज अढी घालून गोड करता येत नाही, हे वाक्य प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राच्या भिंतीवर लिहावे असे मला वाटते.

हिंदी मुलुखात एक म्हण सर्वांच्या तोंडी आहे: खरबूज खरबुजाला पाहून रंग बदलते. संगतीचा परिणाम सांगण्यासाठी ती वापरतात. फळशास्त्राच्या दृष्टीने ती जवळजवळ शब्दशः खरी आहे. पिकणारे खरबूज इथिलीन वायू सोडते आणि तो शेजारच्या फळांनाही पिकण्याच्या वाटेवर ढकलतो. पण म्हणीनेसुद्धा रंगच म्हटले आहे, गोडी म्हटलेली नाही. म्हणूनच कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्याचा प्रकार या फळाच्या बाबतीत दुहेरी मूर्खपणा ठरतो. कायद्याने तर तो निषिद्ध आहेच. 2011च्या अन्न सुरक्षा नियमावलीनुसार कार्बाइड वायूने पिकवलेली फळे विकता येत नाहीत. शिवाय त्यातून हाती येतो तो केवळ पिवळा रंग. इथिलीन वायूचा 100 पीपीएमपर्यंत नियंत्रित वापर करण्यास परवानगी आहे, परंतु वेलावर न पिकलेल्या खरबुजात तोही साखर घालू शकत नाही.

मग फळे अपक्व का तोडली जातात? शेतकऱ्याला हे कळत नाही, असे समजणे उद्धटपणाचे होईल. कक्कांना कळते, आणि त्यांच्यासारख्या हजारोंना कळते. कारणे दुसरीकडे आहेत.

बाजार वजनावर पैसे देतो. किलोमागे भाव असला की शेतकऱ्याच्या दृष्टीने साखर आणि पाणी यांचे मोल एकच. काढणीच्या तोंडावर पाणी दिले तर वजन वाढते आणि गोडी उतरते. पाणी तोडले तर गोडी वाढते आणि वजन घटते. व्यापाऱ्याचा काटा पहिल्यालाच बक्षीस देतो. त्यातच व्यापाऱ्याला माल दूर न्यायचा असतो. पूर्ण पिकलेले, देठापासून सुटलेले खरबूज मे महिन्यातल्या उघड्या ट्रकमध्ये दोन दिवस टिकत नाही. नुकसान त्याच्या खिशातून जाणार असल्याने तो टणक माल मागतो. नदीपात्रातल्या शेतकऱ्याला आणखीही भीती असते. रात्री नीलगाय येते, चोरही येतात, आणि वरच्या धरणातून पाणी सुटले की अख्खा मळा एका रात्रीत वाहून जाऊ शकतो. बेतवेवर राजघाट, माताटीला, पारीछा अशी बांधकामांची मालिकाच आहे. पात्रातल्या वाळूवर कोणाची मालकी नाही, म्हणून विमाही बहुधा नाही. उद्याचा भरवसा नसलेल्या माणसाला "अजून चार दिवस थांबा" असे सांगणे सोपे आहे. त्या चार दिवसांची जोखीम मात्र त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असते.

सणांचे गणितही आहे. रमजानच्या महिन्यात खरबुजाला मोठी मागणी असते. हा महिना दरवर्षी सुमारे 10-11 दिवस अलीकडे सरकतो. 2018 मध्ये तो मे-जूनमध्ये आला होता, त्या वेळी नदीकाठची फळे भरात होती. 2025 मध्ये तो मार्चअखेर आटोपला, म्हणजे बेतवेचा पहिला तोडा सुरू होण्याच्या सुमारास. पुढील काही वर्षे तो थंडीतच येणार. भाव गाठण्यासाठी फळ लवकर उतरवण्याचा मोह त्यामुळे वाढणार आहे. सोलापूर-पुण्याकडे आच्छादन व ठिबकावर डिसेंबर-जानेवारीत लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांनाही हे चक्र चांगले ठाऊक आहे. थंडीत वाढलेल्या वेलीला गोडी भरण्यास अधिक दिवस लागतात. भाव कॅलेंडर पाहून चढतो, पण वेल कॅलेंडर पाहत नाही.

येथे नदीपात्रातील शेतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण महाराष्ट्रातील तरुण कार्यकर्त्यांनी ती क्वचितच पाहिली असेल. विदर्भातील वाचकांना डांगरवाड्या आठवतील, गोष्ट तीच. पावसाळा ओसरला आणि पाणी मूळ धारेत गेले की केवट, ढीमर, काछी समाजांतील कुटुंबे उघड्या पडलेल्या वाळूत उतरतात. वाळूत चर खोदून थेट ओलाव्यापर्यंत पोहोचतात, त्यात शेणखत आणि पेंड भरतात, आणि थंडी असतानाच भिजवून मोड आणलेले बी टोकतात. उत्तरेचा वारा आणि धुके यांपासून रोपे वाचवण्यासाठी गवताच्या पेंढ्यांचे आडोसे उभारतात. पुढे हेच गवत वाळूवर पसरले जाते. त्यावर वेल चढतो आणि फळ तापलेल्या वाळूपासून वाचते. मुळे खालचा ओलावा शोधत जातात, तर वरचा थर कोरडाठाक राहतो. झाशीची जमीन तशी कठीण. राकड, पडुवा, काबर, मार अशी तिची स्थानिक नावे शेतकऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांसारखी वाचता येतात. त्या मानाने वाळू उदार असते. दिवसा प्रखर ऊन, कोरडी हवा, वरून पाणी नाही, आणि मुळाशी मोजका ओलावा: खरबुजात साखर भरण्यासाठी याहून चांगली परिस्थिती कृत्रिमरीत्या उभी करणे अवघड आहे. बाबराला हिंदुस्थानात चांगले खरबूज मिळत नाही याचे दुःख होते, आणि काबूलहून आलेले फळ कापताना त्याला रडू कोसळले होते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे आग्र्याच्या बागेत त्याने खरबुजाची लागवड करून घेतली आणि त्या फळांनी त्याचे समाधानही झाले. आग्रा येथून फार दूर नाही.

एवढे असूनही या फळाभोवती झाशीत कोणताच गाजावाजा नाही. 2021च्या जानेवारीत येथे स्ट्रॉबेरी महोत्सव भरला आणि त्याची देशभर चर्चा झाली. स्ट्रॉबेरीचे मला वावडे नाही. नवे पीक कोणी आणले तर कौतुक व्हावेच. परंतु ज्या फळाला येथील वाळू, ऊन आणि वारा जन्मतः अनुकूल आहे ते आजही नाव-गाव नसल्यासारखे गाडीवर विकले जाते, याची खंत वाटते.

आता निवडीविषयी. ग्राहकाला जे सांगायचे तेच शेतकऱ्यालाही सांगायचे आहे, फक्त उलट दिशेने.

जाळीदार खरबुजात पक्वतेची सर्वांत विश्वसनीय खूण देठाशी असते. फळ पिकू लागले की देठ आणि फळ यांच्या सांध्याभोवती बारीक भेग पडते. ती अर्ध्या घेरापर्यंत आली की फळ थोड्या जोराने सुटते. पूर्ण घेर झाला की हात लावताच सुटते. अशा फळावर देठाच्या जागी गोल, गुळगुळीत खळगा उरतो. देठाचा तुकडा चिकटलेला असेल किंवा तेथील साल फाटून आली असेल, तर फळ ओढून तोडले आहे असे समजावे. दुसरी खूण सालीची. जाळीच्या दोऱ्यांखाली दिसणारा मूळ रंग हिरवा असेल तर थांबावे. तो पिवळट किंवा मळकट दुधी झाला असेल तर घ्यावे. तिसरी खूण देठाच्या विरुद्ध टोकाची. तेथे अंगठ्याने दाबल्यास किंचित लवचीकपणा जाणवावा आणि नाक लावल्यास कस्तुरीसारखा गोड वास यावा. वास आंबूस असेल तर फळाचा काळ सरला. एकाच आकाराच्या दोन फळांतून जड असेल ते घ्यावे. हलवून बियांचा आवाज ऐकण्यावर माझा विश्वास नाही. काही वाणांत पक्व फळही गप्प असते आणि काहींत अतिपक्व फळच वाजते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. देठ सुटण्याची खूण सर्व वाणांना लागू पडत नाही. हनीड्यू गटातील गुळगुळीत सालीची फळे, तसेच लांबच्या वाहतुकीसाठी तयार केलेले अनेक आधुनिक संकर पिकूनही देठ सोडत नाहीत. ती कात्रीनेच काढावी लागतात. 'हरा मधु'सारख्या वाणात गर हिरवाच असतो आणि तरीही तो अतिशय गोड असतो, म्हणून गराच्या केशरी रंगावरून गोडीचा अंदाज बांधणे चूक. अशा वाणांसाठी फूल लागल्यापासूनचे दिवस मोजणे आणि रिफ्रॅक्टोमीटर वापरणे हेच दोन उपाय उरतात. उन्हाळ्यात बहुतेक वाणांना फळधारणेपासून साधारण 30 ते 35 दिवस लागतात, थंडीत अधिक. रसातील विद्राव्य घटक 10 ब्रिक्सच्या खाली असतील तर ते फळ बाजारात नेऊ नये, 11-12च्या पुढे असतील तर अभिमानाने न्यावे. रस कोठून घेतला हेही महत्त्वाचे. देठाकडचा गर फिका आणि विरुद्ध टोकाकडचा गोड असतो, सालीलगतचा फिका आणि बियांलगतचा गोड असतो. म्हणून नेहमी फळाच्या मधल्या घेरातील, गराच्या मधल्या थरातील रस घ्यावा. नाहीतर प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल आणि वाद वाढतील.

गोडी अर्थात काढणीच्या दिवशीच ठरत नाही. भुरी किंवा केवड्याने पाने जळाली की साखरेचा कारखानाच बंद पडतो. फळे भरात असताना पाने निरोगी राहणे हे पहिल्या महिन्यातील जोमदार वाढीपेक्षा अधिक मोलाचे. वेलीवर तीन-चार फळे राखावीत. जास्त ठेवली तर साखर वाटली जाते. खरबुजाच्या वेलीवर नर फुले आणि द्विलिंगी फुले असतात, परागीकरण मधमाश्यांवर चालते आणि ते सकाळी होते. त्या वेळेला फवारणी करणारा शेतकरी आपलेच फळ वेडेवाकडे करतो. फळमाशीसाठी क्यू-ल्युरचे सापळे फुलोऱ्यापासूनच लावावेत. काढणीपूर्वी काही दिवस पाणी कमी करत न्यावे. ही सारी माहिती आपल्या पुस्तिकांत आहेच.

साठवणुकीत शेतकरी आणि ग्राहक दोघांचाही शत्रू एकच, तो म्हणजे उष्णता. फळ पहाटे काढावे. दुपारच्या वाळूतून उचललेले फळ आपल्या पोटात उन्हाचे निखारे घेऊनच गाडीत चढते. काढल्याबरोबर सावलीत न्यावे, गवताच्या थरावर ठेवावे, ढीग उंच रचू नये. पूसा येथे विकसित झालेला शून्य ऊर्जा शीतकक्ष, म्हणजे विटांच्या दोन भिंती, मध्ये ओली वाळू आणि वर ओले आच्छादन, याला झाशीचे हवामान फार मानवते. बाष्पीभवनाने थंडावा येण्यासाठी कोरडी हवा लागते आणि एप्रिल-मेमध्ये येथील हवेइतकी कोरडी हवा क्वचितच कोठे असेल. कोकणात हाच कक्ष निरुपयोगी ठरेल. वाळू आणि विटा नदीकाठी सहज मिळतात, वीज लागत नाही. तरीही मी पाहिलेल्या मळ्यांत एकही असा कक्ष दिसला नाही. तो आराखड्यात राहिला आहे, हे आपले अपयश आहे.

शीतगृह उपलब्ध असल्यास जाळीदार, जवळजवळ पक्व खरबूज 2 ते 5 अंश सेल्सिअस तापमानात व भरपूर आर्द्रतेत सुमारे दोन आठवडे राहते. हनीड्यू गटातील फळांना इतकी थंडी सोसत नाही. त्यांना 7 ते 10 अंश हवेत. घरात अर्धपक्व फळ एक-दोन दिवस खोलीत ठेवले तर मऊ आणि सुगंधी होईल. पक्व फळ फ्रिजमध्ये ठेवावे, पण पालेभाज्या आणि काकडीपासून दूर, कारण त्याचे इथिलीन त्यांना लवकर पिवळे पाडते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिण्याचे ठरवले त्याकडे येतो. उन्हाळ्यात झाशीच्या रस्त्यांवर कापलेले खरबूज मोठ्या प्रमाणात विकले जाते. बर्फाच्या लादीवर फोडी, त्यावर चाट मसाला, कडेला माश्या. घरोघरी एक समज आहे की खरबुजावर पाणी पिऊ नये, पोट बिघडते. मला वाटते, या समजाच्या मुळाशी खरा अनुभव असावा; दोष मात्र पाण्याला चुकीचा दिला गेला. बहुतेक फळे आंबट असतात आणि ती आम्लता जंतूंना आवर घालते. खरबुजाचा गर जवळजवळ उदासीन असतो, त्याचा सामू 6च्या वर जातो. त्यात साखर आणि पाणी भरपूर. कापलेले खरबूज म्हणजे जंतूंसाठी मांडलेले पानच. जंतू येतात ते सालीवरून. जाळीच्या खाचांत माती, शेणखत, घाण पाणी अडकून बसते, आणि न धुतलेल्या फळात सुरी शिरली की ती सालीवरचे सारे आत नेते.

ही भीती काल्पनिक नाही. 2011 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील एका शेतावरून आलेल्या खरबुजांमुळे लिस्टेरिया जंतूची साथ पसरली. 147 लोक आजारी पडले आणि 33 जण दगावले. तपासात आढळले ते अगदी साधे दोष होते: पॅकिंगच्या जागी साचलेले पाणी, पूर्वी बटाट्यांसाठी वापरलेली आणि नीट स्वच्छ न होणारी यंत्रे, आणि साठवणुकीपूर्वी फळे थंड करण्याच्या व्यवस्थेचा अभाव. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील खरबुजांमुळे अशीच साथ आली आणि सात जणांचा मृत्यू झाला. लिस्टेरिया फ्रिजच्या तापमानातही वाढतो, म्हणून "फ्रिजमध्ये ठेवले होते" हे पूर्ण उत्तर नव्हे. गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दुर्बल प्रतिकारशक्तीच्या व्यक्ती यांना त्याचा धोका सर्वाधिक.

करायचे ते अवघड नाही. अखंड फळ वाहत्या स्वच्छ पाण्याखाली ब्रशने घासून धुवावे, साबण लावू नये, कापडाने कोरडे करावे आणि मगच कापावे. बादलीत बुडवून ठेवल्याने एका फळाची घाण दहा फळांना लागते. कापलेले फळ दोन तासांत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासात. झाशीच्या मे महिन्यात ही मुदत एक तासच आहे, हे ध्यानात घ्यावे. फ्रिजमध्येही झाकलेल्या डब्यात ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे. शेतकऱ्यांसाठी याचा अर्थ असा की, फळे आकर्षक दिसावीत म्हणून नदीच्या गढूळ पाण्याने धुण्यापेक्षा कोरड्या कापडाने पुसलेली बरी, आणि ताजे शेणखत फळे लागल्यावर वेलीजवळ घालू नये.

आरोग्याच्या गुणांविषयी मी थोडक्यातच लिहीन, कारण त्याविषयी अतिशयोक्ती पुष्कळ चालते. केशरी गराच्या खरबुजाच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 90 ग्रॅम पाणी, 8 ग्रॅम साखर, 34 कॅलरी, 37 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 267 मिलिग्रॅम पोटॅशियम आणि सुमारे 2000 मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन असते. प्रौढ पुरुषाची क जीवनसत्त्वाची रोजची शिफारस 80 मिलिग्रॅम आहे, स्त्रीची 65. एक मोठी वाटी फोडींत ती जवळजवळ भरते. घामावाटे पाणी आणि क्षार गमावणाऱ्या शेतमजुरासाठी याहून स्वस्त आणि रुचकर अल्पोपाहार मला सुचत नाही. बीटा कॅरोटीन मात्र केशरी गरात असते. हिरव्या किंवा पांढऱ्या गरात ते फारच कमी. मधुमेहींनी प्रमाण राखून फोडी खाव्यात, रस करून नव्हे. ज्यांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियम वर्ज्य आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावे. पोटातील उष्णता, रक्तशुद्धी वगैरे दाव्यांची या फळाला गरज नाही.

जाता जाता आपल्या भाषेतील एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. कोकण-गोव्यात पावसाळ्यात येणारे चिबूड, जे गूळ आणि नारळाच्या रसाबरोबर खातात, उत्तरेकडची फुटून तडकणारी 'फूट', आणि झाशीत मिठाबरोबर खाल्ली जाणारी लांब, पातळ 'ककडी' ही सारी वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने खरबूजच आहेत, म्हणजे एकाच प्रजातीची रूपे. त्यामुळे जवळपास बी धरताना ती एकमेकांत सहज मिसळतात. घरचे बियाणे राखणाऱ्या नदीकाठच्या कुटुंबांनी ककडी आणि खरबूज शेजारी लावले तर यंदाच्या फळाची गोडी बिघडत नाही, पुढील वर्षीच्या रोपांची बिघडते. हा फरक मी अनेकदा समजावून सांगितला आहे.

विस्तार कार्यकर्त्यांपुढे माझा प्रस्ताव दोन भागांचा आहे. पहिला बाजाराच्या अंतराचा. झाशी, ओरछा, ललितपूर, दतिया येथे त्याच दिवशी पोहोचणारे फळ देठ पूर्ण सुटल्यावरच काढावे. दूर जाणारे फळ भेग अर्ध्याहून अधिक झाल्यावर काढावे, त्याआधी नव्हे. एकाच मळ्यात दर दोन दिवसांनी दोन वेगळ्या बाजारांसाठी वेगळी तोडणी शक्य आहे, आणि जवळच्या बाजारासाठी नदीकाठच्या शेतकऱ्याला मोठ्या बागायतदारावर मात करता येते. त्याला जोखीम घ्यायला सांगायची तर गोड फळाला वेगळा भाव मिळाला पाहिजे. म्हणून दुसरा भाग शेतकरी उत्पादक कंपन्यांचा. त्यांनी एक रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, प्रत्येक लॉटमधून काही फळे कापून आकडा फळ्यावर लिहावा आणि काढणीची तारीख खोक्यावर छापावी. खरबुजाची पारख ग्राहक देठावर बोट ठेवून करू लागला की व्यापारीही तसा माल मागू लागेल. काट्याला शिस्त लावण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा कक्कांच्या मळ्यावर जाणार आहे. या वेळी सोबत एक वही नेणार आहे, चार रकान्यांची: फूल कधी लागले, फळ कधी उतरले, देठाची स्थिती काय होती आणि रसाचा आकडा किती. ज्या केंद्रांना अशीच नोंद आपल्या भागात ठेवता येईल त्यांनी निदान वीस फळांची ठेवावी आणि वाणाचे नाव न विसरता लिहावे.